शेजारचा अग्रलेख

राजकारणावर लिहिणाऱ्याला सुट्टी नसते असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. अधिवेशन संपलेले असते, निवडणुका लांब असतात, पुढारी लग्नसराईत गुंतलेले असतात किंवा सहकुटुंब एखाद्या देवस्थानाला गेलेले असतात, आणि मग एखादा शनिवार-रविवार असा उगवतो की ज्यावर चार ओळी लिहाव्यात असे कुठेच काही घडत नाही. दूरध्वनी मुका. मंत्रालयातला नेहमीचा बातमीदार मित्रही "काही नाही हो" म्हणून मोकळा होतो. इतरांना असे दोन दिवस हवेहवेसे वाटतात. स्तंभ भरणाऱ्याला ते थोडे अंगावर येतात. सोमवारी काय लिहायचे हा प्रश्न शनिवारी सकाळपासूनच मानेवर बसलेला असतो.

अशा वेळी करण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वाचन. तेही आपल्याच धंद्यातल्या मंडळींचे. कादंबरी किंवा प्रवासवर्णन घ्यावे असे पुष्कळदा ठरवतो, पण हात शेवटी जातो तो जुन्या अग्रलेखांच्या संग्रहांकडे, बांधून ठेवलेल्या साप्ताहिकांकडे. हा व्यवसायाचा दोष असेल. मात्र या वाचनातून एक गोष्ट फार ठळकपणे दिसते आणि ती आजच्या वाचकापुढे ठेवावीशी वाटते. मराठीत राजकीय लेखन उभे राहिले ते एकमेकांचे लेखन वाचून. आपल्या बाजूचे तर वाचलेच, पण त्याहून अधिक काळजीपूर्वक वाचले ते समोरच्याचे.

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले, भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' १८४१ साली. या 'प्रभाकरा'त १८४८पासून लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली. त्यांना खरा खरमरीत जबाब मिळाला तो जवळजवळ तीस वर्षांनी, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'त. तीस वर्षांपूर्वीच्या लेखनाला उत्तर द्यावेसे वाटणे ही आज कल्पनेतही न बसणारी गोष्ट आहे. आपल्याकडे परवाचा लेख आज शिळा होतो. विष्णुशास्त्र्यांची भाषा आजही मोहात पाडते, यात शंका नाही. पण विरोधकाला वाईट रीतीने कसे वाचावे याचाही नमुना त्यांनीच घालून दिला आहे. जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी फुल्यांचे व्याकरण धरले, वाक्यरचनेची टिंगल केली, आणि मूळ प्रश्न तसाच सोडून दिला. शेतकऱ्याच्या कर्जाचा किंवा शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा प्रश्न विभक्तिप्रत्यय चुकल्याने खोटा ठरत नाही, हे एवढ्या बुद्धिमान माणसाला कळत नव्हते असे म्हणवत नाही. कळून वळवले नाही. वयाच्या जेमतेम ३२व्या वर्षी, १८८२ साली ते गेले.

त्याच वर्षी घडलेली एक गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचावी. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१च्या जानेवारीत निघाली होती. कोल्हापूर संस्थानचे कारभारी बर्वे यांच्यावरील मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि टिळक-आगरकरांना शिक्षा झाली. खटला चालू असताना जामिनाचे दहा हजार रुपये उभे राहिले ते फुल्यांच्या सत्यशोधक वर्तुळातल्या रामशेठ उरवणे यांच्याकडून. ज्या गोटातून फुल्यांची टवाळी झाली, त्या गोटातल्या दोन तरुण संपादकांसाठी फुल्यांच्या माणसाने पैसे मोजले. मतभेद मिटले म्हणून हे झाले नाही. ते पुढे वाढतच गेले.

डोंगरीच्या तुरुंगात टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिले. दोघे तुरुंगात देशाविषयी, शिक्षणाविषयी, समाजाविषयी वाद घालत, बेत रचत. पुढची तेरा वर्षे हा वाद चालूच राहिला, फक्त तो कोठडीतून छापखान्यात आला. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, हे आज अनेकांना ठाऊक नसते. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, यावरून बिनसले, १८८७ साली आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. तो मराठी-इंग्रजी असा दुभाषी होता, आणि इंग्रजी बाजू सांभाळायला होते गोपाळ कृष्ण गोखले. म्हणजे पुढच्या पाव शतकात महाराष्ट्रात जी राजकीय रस्सीखेच झाली तिच्या दोन्ही टोकांची माणसे पुण्यातल्या काही फर्लांगांत बसून आठवड्याला एकमेकांना वाचत होती.

संमतिवयाच्या विधेयकाच्या वेळी, १८९१च्या सुमारास, या दोन पत्रांतला मजकूर समोरासमोर ठेवून वाचावा. टिळकांचा युक्तिवाद असा की परक्या सरकारला आमच्या घरात शिरू देऊ नये. सुधारणा व्हावी, पण ती कायद्याने नको. आगरकर विचारतात की घरातली मुलगी मरते आहे, ती कोणाच्या कायद्याने वाचली याचा हिशेब तिने करावा काय? (हे शब्द माझे, आगरकरांचे याहून किती तरी धारदार आहेत.) मला स्वतःला या वादात आगरकर बरोबर वाटतात, शंभर वेळा वाचले तरी. पण टिळकांचा लेख वाचल्यावाचून आगरकरांचा लेख पुरता कळत नाही, ही खरी मेख आहे. प्रत्येक परिच्छेद समोरच्या परिच्छेदाला उद्देशून आहे. नुसता 'आगरकर वाङ्मया'चा संच घेऊन बसलेल्या वाचकाला टेलिफोनवरचे एकाच बाजूचे संभाषण ऐकल्यासारखे होते.

या वादाची भाषा सभ्य होती असे मात्र कोणी समजू नये. दोघांनीही एकमेकांना बोचकारले आहे. आगरकर जिवंत असताना सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, तेव्हाचे पुणे ते हेच. जुन्या काळी वाद कसे खेळीमेळीने होत, असा गळा काढणाऱ्यांनी एकदा जुने अंक उघडावेत. फरक सभ्यतेचा नव्हता. ज्याला शिवी द्यायची त्याचा लेख आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला असे, फरक असलाच तर एवढाच. १८९५च्या जूनमध्ये आगरकर गेले; वय अवघे ३८. 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला, आणि तो लिहिताना त्यांना रडू आवरेना असे सांगतात.

टिळकांच्या वाचनाचा याहून विलक्षण पुरावा मात्र न्यायालयात सापडतो. १९०८च्या जुलैमधला राजद्रोहाचा खटला शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचलेला असतो: 'देशाचे दुर्दैव', 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख, न्यायमूर्ती दावर, सहा वर्षे काळे पाणी, मंडाले. हे दावर १८९७च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते, हा नियतीचा विनोद. पण टिळकांनी २१ तासांहून अधिक काळ जे भाषण केले त्यात नेमके काय होते, हे फारसे कोणी पाहत नाही. ते भाषण मोठ्या प्रमाणात वृत्तपत्रवाचन आहे. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर अलाहाबादच्या 'पायोनियर'ने काय लिहिले, इतर अँग्लो-इंडियन पत्रांनी कोणते उपाय सुचवले, देशी पत्रांनी काय उत्तर दिले, याच्या कात्रणांचा गठ्ठा टिळकांनी पुराव्यात दाखल केला. त्यांचे म्हणणे असे की माझा लेख म्हणजे चालू वादातले एक उत्तर आहे. प्रश्न काय होता ते न वाचता उत्तरावर शिक्षा देता येणार नाही.

शिवाय सरकारी भाषांतराचा मुद्दा होताच. 'माथेफिरू' या एका शब्दावर घासाघीस झाली. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, मूळ मराठी लेख वाचू शकणारे जवळजवळ कोणीच नाही. सात विरुद्ध दोन असा निकाल झाला. हा खटला मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला वाटते, हा संपादक स्वतःच्या बचावासाठी आपल्या शत्रूंचे लेख जपून ठेवत होता. आपल्यापैकी किती जणांनी विरोधकांचे लेख कापून ठेवले आहेत?

'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्याविषयी लांबण लावत नाही, कारण त्यांची वक्रोक्ती समजावून सांगितली की मरते. १८९८पासून दहा वर्षे त्यांनी सरकारची अशी स्तुती केली की कायद्याला ती पकडायची कोठे हे कळेना. अखेर १९०८ साली त्यांनाही राजद्रोहाखाली पकडलेच. त्यांच्या निबंधांची पुस्तके पुढे सरकारने जप्त केली. मुद्दा एवढाच की ही वक्रोक्ती साधायची तर राज्यकर्त्यांची भाषा, त्यांचे जाहीरनामे, त्यांची लाडकी विशेषणे पाठ असावी लागतात. ती परांजप्यांना पाठ होती.

आता ज्या खंडापाशी मी या शांत रविवारी सर्वात जास्त वेळ रेंगाळलो, त्याकडे येतो. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली एकत्र प्रसिद्ध केले. मोठ्या आकाराचे, जड पुस्तक आहे, मांडीवर घेऊन वाचता येत नाही. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, ही हकीकत स्वतः बाबासाहेबांनी नोंदवून ठेवली आहे. वर ज्या परंपरेचे गोडवे गायले तिची ही दुसरी बाजू. वाद घालायला एकमेकांचे अंक वाचणारी ही मंडळी ज्या वर्तुळात वावरत होती, त्या वर्तुळाच्या दाराला कडी होती. आतल्या दोघांत कितीही हाणामारी झाली तरी बाहेरच्याला जाहिरातीपुरतीही जागा नव्हती.

म्हणूनच 'बहिष्कृत भारत' वाचताना अचंबा वाटतो. पहिला अंक ३ एप्रिल १९२७चा, म्हणजे महाडच्या चवदार तळ्यावरील घटनेनंतर दोनच आठवड्यांनी. या पत्राच्या बहुतेक स्तंभांचा मजकूर बाबासाहेब एकहाती लिहीत. वकिली चालू, मुंबई विधिमंडळाचे सभासदत्व चालू, परळच्या कचेरीत माणसांची रीघ, आणि त्यात आठवड्या-पंधरवड्याने एवढा मजकूर. 'महाड येथील धर्मसंगर' या विषयावरची त्यांची लेखमाला घ्या. वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी, सरकारची जबाबदारी, अस्पृश्य वर्गाची जबाबदारी, अशी एकेक बाजू घेऊन ते पुढे सरकतात. मार खाल्लेल्या समाजाचा पुढारी लिहितो आहे आणि तिसऱ्या लेखात तो आपल्याच लोकांची जबाबदारी मोजतो आहे. आजचा कोणता पुढारी आपल्याच मुखपत्रात हे धाडस करील?

'आजकालचे प्रश्न', 'प्रासंगिक विचार' ही त्यातली सदरे मला अधिकच आवडतात. यात इतर वृत्तपत्रांचा समाचार असतो. पुण्याचा 'भाला' महाडविषयी काय म्हणाला, कोणत्या सुधारक म्हणवणाऱ्या पत्राने कोणती पळवाट काढली, ते आधी नीट सांगायचे, मग एकेक आक्षेप घेऊन खोडायचा. शास्त्राचा आधार कोणी दिला तर शास्त्रानेच उत्तर. 'तुम्ही आमची जाहिरात छापली नाहीत, आम्ही तुमचा अंक वाचणार नाही' असे ते म्हणाले असते तर कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी ते सारे वाचले. चिपळूणकरांनी फुल्यांना वाचले होते त्याच्या नेमके उलट, म्हणजे समोरच्याचा युक्तिवाद त्याच्याहून चांगला मांडून. पत्र १९२९ साली बंद पडले. वर्गणीदार गरीब, बाकी थकलेली, आणि जाहिराती कोण देणार?

एकट्याने काढलेल्या पत्राचे नाव निघाले की मला सातासमुद्रापलीकडचा एक माणूस आठवतो. त्याला या यादीत घुसवण्याचा मोह आवरत नाही. आय. एफ. स्टोन हा अमेरिकन पत्रकार. मॅकार्थीच्या काळात, १९५३च्या जानेवारीत, जवळपास बेकार झालेल्या या गृहस्थाने वॉशिंग्टनमध्ये चार पानांचे साप्ताहिक सुरू केले. सुरुवातीला वर्गणीदार पाच हजारांच्या आसपास, आणि १९७१ साली बंद केले तेव्हा सुमारे सत्तर हजार. हिशेब आणि वर्गण्या पत्नी पाहत असे. त्याला ऐकू कमी येई, त्यामुळे पत्रकार परिषदांचा उपयोग नव्हता. बड्यांच्या मेजवान्यांना कोणी बोलवत नव्हते. म्हणून तो वाचत असे: काँग्रेसच्या कामकाजाची इतिवृत्ते, समित्यांपुढच्या साक्षी, आणि इतर वृत्तपत्रांतल्या अगदी शेवटच्या पानांवरच्या बातम्या.

त्याची एक हकीकत प्रत्येक उपसंपादकाला सांगावी अशी आहे. सप्टेंबर १९५७मध्ये अमेरिकेने नेवाडात जमिनीखाली अणुचाचणी केली. स्टोनने वर्तमानपत्रात दोन-दोन ओळींची तळटिपेसारखी वृत्ते पाहिली: टोरांटोत धक्का नोंदला, रोममध्ये नोंदला, टोकियोत नोंदला. त्याला अर्थ लागला नाही, पण त्याने ती कात्रणे ठेवून दिली. पुढच्या वर्षी अणुशक्ती आयोगाने जाहीर केले की हा स्फोट २०० मैलांपलीकडे कळला नव्हता. याचा अर्थ राजकीय होता. चोरून केलेली चाचणी ओळखता येत नसेल तर रशियाशी चाचणीबंदीचा करार करण्यात हशील काय, असे म्हणायला मोकळीक मिळत होती. स्टोनने जुनी कात्रणे काढली, सरकारच्याच भूकंपमापन खात्यात जाऊन विचारले, आणि कळले की दोन हजार मैलांपलीकडे अलास्कातही हा धक्का नोंदला गेला होता. आयोगाला दुरुस्ती करावी लागली. यात कोणताही गुप्त दस्तऐवज नव्हता, कोणी 'विश्वसनीय सूत्र' नव्हते. छापलेले वाचले आणि जपून ठेवले, एवढेच. म्हातारपणी हा माणूस प्राचीन ग्रीक शिकला आणि सॉक्रेटिसच्या खटल्यावर त्याने पुस्तक लिहिले. ते १९८८ साली निघाले; पुढच्याच वर्षी तो गेला.

आपल्याकडे या जातीचे काम मुंबईत ए. डी. गोरवालांनी केले. आय.सी.एस.मधून बाहेर पडलेला हा कडक माणूस 'ओपिनियन' नावाचे छोटे इंग्रजी पत्र काढत असे, आणि आणीबाणीत ते बंद करण्याचा हुकूम निघाला. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट'ने सेन्सॉरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात लढा दिला आणि १९७६ साली तो जिंकला. एवढ्याशा खपाच्या पत्रांची सरकारला भीती का वाटावी, असा प्रश्न पडतो. खप थोडा होता, पण वाचणारे इतर संपादक होते, हे त्याचे उत्तर असावे.

मराठीत विरोधकाला वाचण्याच्याही पुढे जाऊन विरोधकाला छापण्याची हिंमत एका माणसाने दाखवली. श्री. ग. माजगावकर. १९६१ साली सुरू झालेले त्यांचे 'माणूस' ज्यांनी दर आठवड्याला स्टँडवर जाऊन विकत घेतले, त्या पिढीला हे सांगायला नको. माजगावकर संघविचारांच्या मुशीतून आलेले. पण अरुण साधूंचे चीनच्या क्रांतीवरचे 'आणि ड्रॅगन जागा झाला' त्यांनीच छापले, क्यूबावरचे 'फिडेल, चे आणि क्रांती'ही त्यांनीच. त्यामुळे समाजवाद्यांना ते संघाचे वाटत आणि संघवाल्यांना ते हातचे गेलेले वाटत. दोघांनी मिळून अंक मात्र विकत घेतला. पुण्यामुंबईबाहेरच्या, तालुक्याच्या गावातल्या कित्येक शिक्षकांना माओ आणि चे गव्हेरा एका राष्ट्रवादी संपादकाच्या साप्ताहिकातून भेटले, हे आज कोणाला पटवून द्यायचे म्हटले तरी अवघड जाते.

गोविंद तळवलकरांचे लेखन याच कारणासाठी अजून उघडावेसे वाटते. १९६८ ते १९९६ ते 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक होते. त्यांच्या मतांशी भांडण करायला जागा पुष्कळ आहे. कामगार चळवळीविषयी त्यांचा सूर मला अनेकदा उगाच करडा वाटत आला. पण त्यांच्या 'वाचता वाचता'मधले लेख घ्या. परदेशातली पुस्तके, चरित्रे, नियतकालिके त्यांनी मराठी वाचकापुढे ठेवली ती ज्ञान मिरवायला नव्हे, तर सोमवारच्या अग्रलेखाला रविवारचे खतपाणी म्हणून. २०१७ साली अमेरिकेत ते वारले, तोवर त्यांचे वाचणे आणि लिहिणे थांबले नव्हते.

हल्ली आपण राजकारणावर लिहिणारे एकमेकांना वाचतो का? चाळतो, हे खरे. शीर्षक पाहतो, लेखकाचे नाव पाहतो, आणि आत काय असेल ते नावावरून ओळखतो. आणि पंचाईत अशी की ओळखलेले बहुधा बरोबर निघते. लेखकही आपल्या नावाला जागून लिहायला शिकला आहे. आपल्या बाजूच्या वाचकाला खूश केले की आठवडा पार पडतो. समोरच्या बाजूचा वाचक आपल्याकडे फिरकतच नाही, मग त्याला पटवायचा घाट कशाला घालायचा? हा हिशेब व्यवहाराला धरून आहे, आणि मीही या व्यवहाराबाहेरचा नाही.

शेवटी आचार्य अत्रे. 'मराठा' निघाला १५ नोव्हेंबर १९५६ रोजी, संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धुमाळीत. अत्र्यांच्या लेखणीखाली त्या काळात जे जे आले त्यांत पंडित नेहरू पहिल्या रांगेत होते. १९५७च्या नोव्हेंबरात नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीने वाटेवर निदर्शनांचा मोर्चा उभा केला होता आणि 'मराठा' नुसता पेटलेला होता. अत्र्यांची शाब्दिक हिंसा आजच्या वाचकाला सोसणार नाही. काही ठिकाणी ती सोसू नयेच. मग २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले. त्यानंतर त्याच 'मराठा'त अत्र्यांनी त्यांच्यावर लेखांमागून लेख लिहिले, आणि ते पुढे 'सूर्यास्त' या नावाने पुस्तकरूपाने आले. ते लेख वाचताना लक्षात येते की या माणसाने नेहरूंचे आत्मचरित्र, त्यांची भाषणे, त्यांचा तुरुंगवास, सारे काही शत्रुत्वाच्या दिवसांतही जवळ बाळगले होते. 'सूर्यास्त' अजून मिळते. १९५७ची 'मराठा'ची फाईल मात्र एखाद्या जुन्या ग्रंथालयात बसूनच पाहावी लागते. पाने पिवळी पडली आहेत, कडा तुटतात, आणि दोन्ही शेजारी ठेवून नीट वाचायचे म्हटले तर एक रविवार पुरत नाही.